सहा दिवस जास्त

कोलंबो, ९ एप्रिल

मल्ली,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता परत पाठवशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतलाय. सहा वर्षं लाचखोर पकडण्यात घालवलेल्या बाईला एवढी लबाडी यायलाच हवी. आता फोडलंच आहेस तर थोरल्या बहिणीचं ऐक आणि वाच. फोनवर बोलले असते, पण मी फोन केला की अम्मा तुला हाक मारते आणि तू केळींना पाणी घालायला परसात जातोस, हे मला इकडे ऐकू येतं. भर पावसातसुद्धा तुझ्या केळींना पाणी लागतं.

तर, मी आजपासून घरी. काल दुपारी साडेचारला सचोटी आयोगाच्या महासंचालकाच्या खुर्चीवरून उठले. कायद्याने सहा वर्षं दिली होती, ती संपली. मुदतवाढ नाही, पुन्हा नेमणूक नाही, सल्लागार होऊन मागच्या दाराने येणं नाही. हा कायदा व्हावा म्हणून संसदेच्या समितीपुढे मीच तीनदा जाऊन बसले होते. एका सदस्याने विचारलं, "पण मॅडम, माणूस चांगला असला तर? त्यालाही घालवायचं?" मी म्हटलं, "चांगल्यालाच आधी घालवा. वाईट असेल तो कधीतरी पकडला तरी जातो." सगळे हसले. मला माझं बोलणं फार आवडलं होतं.

आमचे जुने साहेब तुला माहीत आहेत. माझ्या आधी त्याच खुर्चीत सतरा वर्षं बसले. त्यांनी कुणाचा एक रुपया खाल्ला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण सतरा वर्षांत साऱ्या शहराला त्यांचं सगळं ठाऊक झालं होतं. चहात साखर किती, कोणत्या वारी चिडलेले असतात, कोणत्या शाळेचं नाव काढलं की विरघळतात. ज्याला एखादी फाइल थांबवायची असे तो पाकीट घेऊन येतच नसे. तो बुधवारी येई, शाळेच्या जुन्या क्रिकेट सामन्याची आठवण काढी, आणि फाइल गठ्ठ्यात खाली जाई. सरळ माणूस स्वतःच्या नकळत वाकतो कसा, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे. सहा वर्षं मी तेच शोधत होते असं म्हटलंस तरी चालेल.

आता कामाचं. पेन्शनच्या अर्जात एक रकाना आहे, पद स्वीकारल्याचा दिनांक. आस्थापना विभागाच्या बाईंनी तिथे ९ एप्रिल आधीच टाइप करून पाठवलंय. साहजिक आहे. नऊ एप्रिल, सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटं, तूच पंचांग बघून काढलेला मुहूर्त. पांढरा सारोंग नेसून तू माझ्या मागे उभा होतास. अम्माने समई लावली, मडक्यातलं शकुनाचं दूध उतू गेलं, मी उत्तरेला तोंड करून पहिली सही केली आणि फोटो पेपरात आला. आपल्याकडे साधा पोस्टमास्तरसुद्धा मुहूर्ताशिवाय खुर्चीत बसत नाही, तिथे माझी काय कथा.

अर्जावर सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. मल्ली, मला एक सांग. त्या मुहूर्ताच्या आधीच्या आठवड्यात, एका मंगळवारी संध्याकाळी, मी तुला फोन केला होता. तू माझ्यावर केवढा ओरडला होतास. मी तुला काय सांगितलं होतं? तुला जे आठवेल ते लिही. मला काय आठवतंय ते मी मुद्दाम लिहीत नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं.

आणि साडेपाच वर्षांपूर्वी तू ऑफिसात आणलेली कितुल माडाची काकवी, जिच्यावरून तू बोलणं टाकलंस, तिच्याबद्दल: नियम होता. भेट म्हणून आलेली प्रत्येक वस्तू नोंदून परत करायची. शिवाय मी मीटिंगमध्ये होते.

अक्का

कोलंबो, १२ एप्रिल

मल्ली,

उद्या नवं वर्ष लागेल. शेजारी सणाचे गोड कवुम तळताहेत, सगळ्या गल्लीला तेलाचा वास आहे. पोस्ट बंद राहील, म्हणजे तू उत्तर लिहिलं असलंस तरी मला मिळणार नाही. साक्षीदाराची वाट बघायची माझी ऐपत राहिलेली नाही, तेव्हा मीच सांगते.

तो मंगळवार म्हणजे तीन एप्रिल. दुपारी नेमणुकीचं पत्र हातात पडलं. मुहूर्त पुढच्या सोमवारचा होता. दोन वाजता आयोगातला म्हातारा शिपाई गुणसेन याचा फोन आला. "मॅडम, जुन्या साहेबांच्या कपाटातल्या फायली कुणीतरी खोक्यांत भरतंय. मी दाराशी उभा आहे, पण मला कोण विचारतो?" मी घरच्या साडीवरच निघाले. साडेतीनला त्या खुर्चीत बसले, टेबलावरच्या पॅडवर चार ओळी लिहिल्या. कपाटाला सील लावा, इमारतीबाहेर एक कागद जाणार नाही. खाली सही केली, महासंचालक. गुणसेनने लाख वितळवली, सील लागलं, मी घरी आले. सोमवारी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मुहूर्तावर 'पहिली' सही केली.

आता मुदतीचा कायदा काय म्हणतो ते ऐक. अधिकार ज्या दिवशी प्रथम वापरला त्या दिवसापासून सहा वर्षं. हे वाक्य मीच आग्रहाने घालून घेतलं होतं, कारण लोक पत्र खिशात घालून महिनाभर मुहूर्त शोधत बसतात. म्हणजे माझी मुदत दोन एप्रिलला संपली. मी उठले आठ तारखेला. एक दिवस जास्त नको म्हणून समितीपुढे टेबल आपटणारी तुझी अक्का सहा दिवस जास्त बसली. हस, हस. मीही परवा स्वयंपाकघरात एकटीच हसले, आणि मग हसू गेलं.

कारण त्या सहा दिवसांतले बाकीचे कागद रजेचे अर्ज आणि पाण्याची बिलं होते, पण शेवटच्या दिवसाचा एक कागद तसा नव्हता.

कुडाकुंबुक गावचा तलाव तू पाहिला नसशील. त्याच्या बांधाची दुरुस्ती कागदावर झाली, बांधावर झाली नाही. पुढच्या पावसात बांध फुटला आणि खालची शाळा गेली. चार वर्ग होते, एक भिंत उरली. रविवार होता म्हणून मुलं वाचली. तिथल्या मुख्याध्यापिका नंदावती टीचर तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटेच्या बसने माझ्याकडे येत. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात त्याच त्या भिंतीचे फोटो. "झालं का मॅडम?" एवढंच विचारत. "मी असेपर्यंत होईल," हे माझं ठरलेलं उत्तर. आठ तारखेला मी खटल्याच्या मंजुरीवर सही केली. आरोपी दोन. एक प्रांताचा मुख्य अभियंता, आणि दुसरा पियतिस्स नावाचा गोदामातला कारकून. न आलेलं सिमेंट आलं म्हणून पावतीवर त्याची सही आहे.

टीचरना त्याचं नाव टोचत होतं. "पियतिस्सला वगळा ना मॅडम. माझ्या हाताखाली शिकलाय तो. तसा नाही हो." मी म्हटलं, "टीचर, माझ्याकडे येणारा प्रत्येक आरोपी कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली शिकलेलाच असतो."

आता अडचण बघ. तीन तारीख खरी धरली तर ही शेवटची सही रद्द. नऊ तारीख खरी धरली तर ती पहिली सही रद्द, आणि त्या सीलबंद कपाटातूनच या अभियंत्याचे जुने कागद निघाले होते, तेही गेले. मधल्या सहा वर्षांतली प्रत्येक सही खरी आहे. पहिली आणि शेवटची मिळून मात्र खरी एकच. आणि मंजुरी तीस एप्रिलच्या आत न्यायालयात पोचली नाही तर हा खटला पुन्हा कधीच उभा राहणार नाही.

माझ्या जागी हेट्टिगोड म्हणून कुणी येतोय, भूमापन खात्यातला. अठरा तारखेला दहा वाजून सोळा मिनिटांनी बसेल. लोक म्हणतात तो अभियंत्याबरोबर एका वर्गात होता. लोक माझ्याबद्दलही बरंच काही म्हणत होते. पण मी आता तोंड उघडलं तर टीचरची तीन वर्षं त्या अनोळखी माणसाच्या पेनावर टांगली जातात. नाही उघडलं, तर तीन तारखेचा आदेश तळघरात कुठल्याशा गठ्ठ्यात आहे आणि गुणसेनला जाऊन दोन वर्षं झाली. उरलास तू एकटा.

तू कुणाला सांगशील का? धमकी नाही, विनंती नाही. मला नुसतं कुतूहल आहे.

अक्का

कोलंबो, १७ एप्रिल

मल्ली,

तुझं कार्ड आलं. साडेपाच वर्षांनी आलेल्या आठ ओळी मी पोस्टमनच्या समोरच उभ्या उभ्या वाचल्या. तो विचारायला लागला, "काही वाईट बातमी का, मॅडम?"

तू लिहिलंयस: "तीन तारीख. मंगळवार. भर राहुकाळात बसलीस, आणि वर मला सांगत होतीस की खुर्ची मऊ आहे. माझ्याकडे लोक येतात, लग्न लागून गेल्यावर, घराची वास्तू झाल्यावर, आणि म्हणतात, मागची एखादी चांगली वेळ काढून दे, पत्रिकेत लिहायला. मी देत नाही. होऊन गेलेली वेळ होऊन गेली. मी कुणाला सांगणार नाही, मला कुणी विचारतही नाही. अम्माचा गुडघा बरा आहे. काकवीच्या दिवशी मी काही मागायला आलो नव्हतो. अम्मा म्हणाली, मालकांतीला एकटीला ऑफिसात गोड काय मिळणार, म्हणून आलो."

मी आयुष्यभर तुझ्या पंचांगाला हसले. बाबांनंतर तू ते काम घेतलंस तेव्हा म्हटलं, शिकलेला मुलगा, काय हे. आणि नियमांचा झेंडा घेऊन फिरणारी मी आज तुझ्याकडे मागची वेळ मागायला आले, तर तू गावातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगतोस तेच मला सांगितलंस. बरं केलंस.

आता माझीही एक दुरुस्ती लिहून घे. त्या दिवशी मीटिंग नव्हती. मी तुला काचेतून पाहिलं. तू बाकावर टोकाला बसला होतास, बाटली मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. माझ्या मनात आलं, हा कुणाचं तरी काम घेऊन आलाय. गावातल्या कुणीतरी याला पुढे केलंय. तू मागितलंस आणि मला नाही म्हणता आलं नाही तर, याची मला इतकी भीती वाटली की मी सहायकाला म्हटलं, मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग. पुढे बाटली नोंदवहीत गेली. नातं: भाऊ. वस्तू: काकवी, एक बाटली. शेरा: परत. त्यासोबतचं ते छापील पत्र पोस्टमनने तुला दुकानासमोर चार माणसांत दिलं, हे मला अम्माने नंतर सांगितलं. तू काय मागशील याचा अंदाज बांधला, पण तू कशाला आलास ते विचारलं नाही. तपास करणाऱ्या बाईने. मला माफ कर, मल्ली. हे मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही.

उद्या दहा सोळाला तो हेट्टिगोड बसेल. त्याचं दूध उतू जाऊ दे, फोटो होऊ देत. मग मी आत जाईन. टीचरना आज फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही 'मी असेपर्यंत होईल' म्हणाला होता ना? सही केलीत तेव्हा तर तुम्ही नव्हताच म्हणायचं." रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्का

कोलंबो, २७ एप्रिल

मल्ली,

सविस्तर लिहिते, कारण हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागायची नाही असं दिसतंय.

अठरा तारखेला अकराच्या सुमाराला गेले. लिफ्टवाल्याने सवयीने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. खोलीत अजून करपलेल्या दुधाचा वास होता. हेट्टिगोड पन्नाशीच्या आतला, बारीक, उन्हाने रापलेला माणूस. मला बघून उठला आणि म्हणाला, "बसा मॅडम." मी सवयीने टेबलाच्या पलीकडे निघाले होते, मग वळले. त्याने ते पाहिलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. तेवढ्यावर मी त्याला चार गुण दिले.

तीन तारीख सांगितली. तळघरातला गठ्ठाही शोधून आणला होता, तो आदेश पुढे ठेवला. मला वाटलं होतं, हा एक तर माझी तारीफ करील किंवा घाबरेल. त्याने आदेश दोनदा वाचला.

"म्हणजे कुडाकुंबुकची मंजुरी नाहीच."

"नाही."

"मग मला ती फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागेल."

"सहाशे पानं आहेत, आणि तीस तारीख आहे. सारांश मी लिहिलाय."

"सारांश तुमचा आहे ना," तो म्हणाला. "आमच्या खात्यात एकाने मोजलेली जमीन दुसरा पुन्हा साखळी धरून मोजतो. सवय आहे. राग मानू नका."

मी राग मानला. घरी येईपर्यंत मानत होते. भात टाकायचा विसरले, पाव खाल्ला. नक्की तो अभियंत्याचा वर्गमित्र, नक्की तीस तारीख उलटवणार, असं भिंतींना ऐकवत बसले.

सोमवारी त्याचा फोन आला. "मॅडम, एक विचारू? तुम्ही अभियंत्याबरोबर एका वर्गात होता का, असं मला लोक विचारतात. होतो. तो पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. हे मी फाइलवर लिहून ठेवलंय. आता दुसरा प्रश्न. पान चारशे बारा. पियतिस्सच्या जबाबाच्या समासात तुमच्या अक्षरात एक शब्द आहे, 'नेहमीचंच'. म्हणजे काय?"

मला पान बघायची गरजच नव्हती. पावतीवरचा दिवस पोयाचा होता, निकिणी महिन्यातल्या पौर्णिमेचा. पियतिस्सने जबाबात सांगितलं होतं की त्या दिवशी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तो विहारात अष्टशीलाचं व्रत घेऊन बसला होता, पावतीवरची सही त्याची नाही. मी हेट्टिगोडला समजावलं. "हे बघा, पोयाच्या दिवशीचा व्यवहार सापडला की प्रत्येक आरोपी विहारात असतो. पांढरे कपडे, आठ व्रतं, डोळे मिटलेले. सहा वर्षांत मी असे चाळीस तरी ऐकले. नेहमीचंच आहे ते."

"बरोबर," तो म्हणाला. "आणि कोणतं विहार?"

मल्ली, मी मनातल्या मनात तो जबाब पुन्हा उलटून पाहिला.

"मी सगळी फाइल बघितली," तो म्हणाला. वाईट वाटून बोलत होता, ते जास्त लागलं. "कुठेच नाव नाही. कुणी त्याला विचारलेलं दिसत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. पहिल्या वर्षी मला कुणी असं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं माहीत आहे? मीच गाडी काढून गेले असते. त्या वर्षी एका तलाठ्याने सांगितलं होतं की तो त्या दिवशी विहारात होता. मी स्वतः गेले, आणि तो नव्हता. दुसऱ्याच्या वेळी माणूस पाठवला, तोही नव्हता. तिसऱ्यापासून मी ओठ मुडपायला लागले. मग कधीतरी समासात हा एक शब्द लिहायला लागले, आणि पुढे माझे अधिकारी तो शब्द माझ्या आधीच मनात वाचायला लागले. विहाराचं नाव विचारायचं असतं हे त्यांना कळणार कुठून, मी विचारलेलं त्यांनी पाहिलंच नाही. जुन्या साहेबांना विरघळवायला कुणाला तरी निदान बुधवारी यावं तरी लागे. मला वाकवायला कुणाला घराबाहेर पडायचीही गरज नव्हती. मला लाज वाटली. अशी लाज मला त्या बाटलीचीसुद्धा वाटली नव्हती.

मंगळवारी पोया होती. हेट्टिगोडने एका इन्स्पेक्टर बाईंना कुडाकुंबुकला पाठवलं. तिथे टेकडीवर लहानसं विहार आहे, बाहेरगावचं फार कुणी जात नाही. भिक्खूंनी एक शाळकरी वही काढली. व्रत घेतलेल्यांना दुपारच्या आत जेवण वाढावं लागतं, त्यामुळे कोण कोण बसलंय याची यादी ते सकाळीच करतात, भात किती टाकायचा ते कळायला. निकिणीच्या यादीत सातवं नाव पियतिस्सचं. भिक्खू म्हणाले, "त्या दिवशी माझा घसा बसला होता. दुपारपर्यंत पोथी यानेच वाचली. ऐंशी माणसांनी ऐकलीय." बाईंनी विचारलं, तो आता कुठे भेटेल. भिक्खूंनी बोट दाखवलं. पिंपळाखाली पांढऱ्या कपड्यात बसला होता.

मग सही कुणाची, हे शोधायला दोन दिवस पुरले. अभियंत्याच्या कार्यालयातल्या एकाने कबूल केलं की साहेबांनी समोर बसवून करून घेतली. काल, सव्वीस तारखेला, हेट्टिगोडने मंजुरीवर सही केली. आरोपी एक. पियतिस्स साक्षीदार. दुपारी कागद न्यायालयात पोचला. टीचरना मी फोन केला, तर त्या रडत होत्या आणि वर मला सांगत होत्या, "मी म्हणत नव्हते का? म्हणत नव्हते का मी?" म्हणत होत्या. दर महिन्याला म्हणत होत्या.

मी तोंड मिटून बसले असते तर तो आता आरोपीच्या पिंजऱ्यात असता, आणि मी पेन्शन घेत छान झोपले असते. रात्रभर हाच हिशेब मांडतेय आणि तो कुठूनही माझ्या बाजूचा येत नाही. समितीपुढे 'चांगल्यालाच आधी घालवा' म्हणताना मी ज्या माणसाबद्दल बोलत होते, तो मला जुने साहेब वाटत होता.

अक्का

कोलंबो, २४ मे

मल्ली,

पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने घरी येतेय. अम्माला सांग, जेवायला आहे. चार दिवस राहीन. तुझ्या केळी बघायच्या आहेत, एवढं पाणी पिऊन त्या किती वाढल्या ते.

काल वेसाकची बुद्धपौर्णिमा होती. टीचरनी बोलावलं म्हणून कुडाकुंबुकला गेले. त्यांनी सगळ्या गावाला माझं नाव सांगायचा बेत केला होता, मी हात जोडून थांबवलं. शाळा सध्या विहाराच्या धर्मशाळेत भरते. भिंतीवर मुलांनी कागदाचे कंदील टांगले होते. बांध मी पहिल्यांदाच पाहिला. सहाशे पानं वाचली होती, पण तो इतका ठेंगणा असेल असं वाटलं नव्हतं. टीचर म्हणाल्या, "फोटोत उंच दिसायचा, नाही?"

रस्त्याच्या कडेला गावाने दानसल मांडली होती. येईल त्याला फुकट जेवण, उकडलेले कंद आणि खोबऱ्याचं तिखट संबोल. टीचर पुढे जाऊन कुणाशी बोलत उभ्या राहिल्या, मी रांगेत लागले. पंचवीस-तीस माणसं होती. अर्धी रांग सरकली तेव्हा लक्षात आलं की वाढणाऱ्याला सगळे पियतिस्स म्हणतायत. "पियतिस्स अय्या, मिरची कमी!" "पियतिस्स, अरे म्हातारीला मऊ दे!" पस्तिशीचा असेल. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. फाइलमध्ये त्याचा फोटो होता, पण मी बाहेर पाहिला असता तर ओळखला नसता.

रांग सोडून निघून जावंसं वाटलं, हे तुला लिहायला हवं. गेले नाही.

माझी पाळी आली. त्याने कमळाचं पान माझ्या हातावर ठेवलं. "नीट धरा अम्मा, गरम आहे."

मी म्हटलं, "पियतिस्स, मी मालकांती. आयोगातली. तुमच्यावर खटला भरायचा म्हणून सही केली होती, ती मी."

त्याचा डाव पातेल्यातच राहिला. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बहुतेक मी याहून उंच असेन असं त्याला वाटलं असावं.

"मी लिहून दिलं होतं सगळं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तीन पानं. वाचलं होतंत?"

"वाचलं होतं."

"मग?"

सहा वर्षं लोकांना प्रश्न विचारले, आणि एवढ्याशा प्रश्नाला माझ्याकडे समासात लिहिलेला तो एकच शब्द होता, मल्ली. मागे लोक खोळंबले होते, कुणीतरी ओरडलं, "काय अडलंय रे पुढे?" त्याने माझ्या पानावर कंदाचे दोन तुकडे ठेवले, जरा थांबून तिसरा ठेवला, वर संबोल घातलं.

"पुढे व्हा, अम्मा," तो म्हणाला. "रांग मोठी आहे."

मी पुढे झाले. बांधाखालच्या दगडावर बसून सगळं खाल्लं.

अक्का